तण म्हणून उपटले, महोत्सवात मांडले

ऑगस्ट महिना आला की तालुक्याच्या ठिकाणी रानभाजी महोत्सवाचे मंडप पडतात. राज्याच्या कृषी विभागाने २०२० सालापासून जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या सुमारास हे महोत्सव भरवायला सुरुवात केली. फीत कापली जाते, मान्यवरांची भाषणे होतात, कोणत्या भाजीत लोह आणि कोणत्या भाजीत कॅल्शियम याचे फलक लागतात, आणि शहरातील सुखवस्तू मंडळी भारंगीची जुडी हातात धरून फोटो काढून घेतात. यात वाईट काही नाही. भाजी विकून एखाद्या कातकरी, वारली किंवा गोंड बाईच्या हाती चार पैसे पडत असतील तर आम्ही त्या महोत्सवाचे स्वागतच करू. पण मंडपातून बाहेर पडताना एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. कालपर्यंत ज्या पाल्याला तुम्ही तण म्हणत होता आणि जो खाणाऱ्याला भिकारडा म्हणत होता, तो आज तुम्हाला अमृतासमान कसा वाटू लागला? आणि ज्या बायांनी तो पाला ओळखून, पारखून पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर शिजवला, त्यांचे नाव त्या फलकावर का नाही?

भाजी विकत घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती आणि भाजी पिकवायला ज्यांच्याकडे वावर नव्हते, त्यांनी रानभाजी खाल्ली, इतकी ही साधी गोष्ट आहे. दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेलेली बाई दिवसभर जे तण उपटते, त्यातलीच कोवळी घोळ, तांदुळजा, कुरडू, पाथरी, केना वेगळी काढते आणि संध्याकाळी पदरात बांधून घरी आणते. मालकाच्या लेखी ते तण, तिच्या लेखी ते कोरड्यास. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात बरबड्यासारख्या तणाच्या बियांच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या, हे त्या पिढीची माणसे आजही सांगतात. पण त्या पोटाची आणि त्या चुलीची नोंद मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांनी घेतली नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा कुठे ही चूल छापील कागदावर आली.

जाता जाता आणखी एक गंमत. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा दंडक आहे. त्या एका दिवसासाठी हीच रानातली भाजी बाजारात चढ्या भावाने विकली जाते. ते व्रत तरी कशासाठी? तर बाईच्या विटाळाच्या दोषाचे क्षालन व्हावे म्हणून! ज्या बाईने ती भाजी खुडून बाजारात आणली, तिला वर्षाचे ३६५ दिवस विटाळ मानणाऱ्यांनी हे व्रत करावे, याला काय म्हणावे? असो.

पण आज आम्हाला केवळ मान-अपमानाची कैफियत मांडायची नाही. रानभाजी ओळखणे हे शास्त्र आहे आणि ते चुकले तर माणूस मरतो. ज्यांना हे ज्ञान म्हणजे अडाणी बायकांचा घरगुती मामला वाटतो, त्यांनी पुढील गोष्टी नीट वाचाव्यात.

टाकळा सर्वांना माहीत आहे. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात. पहिला पाऊस पडला की गावाच्या कडेला, उकिरड्यावर, रस्त्याच्या दुतर्फा तो हिरवागार उगवतो. त्याचीच एक भावकी आहे, कसोदा किंवा रानटाकळा. दोन्हीची फुले पिवळी, दोन्हीला शेंगा, दोन्ही उगवतात पडीक जागेत. टाकळ्याच्या एका देठाला बहुधा पानांच्या तीन जोड्या असतात, पाने टोकाकडे गोलसर असतात आणि रात्री मिटतात. त्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकडी असते. कसोद्याला चार ते सहा जोड्या असतात, पाने टोकाला निमुळती, पान चुरगाळले की उग्र दुर्गंधी, आणि शेंग रुंद व चपटी. काही भागांत कसोद्याचा कोवळा पालाही शिजवून खातात, परंतु त्याच्या बिया लहान मुलांना प्राणघातक ठरतात. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्यात दोन-चार वर्षांची पोरे तापाविना, उलट्या होऊन, बेशुद्ध होऊन पटापट मरत. त्याला वर्षानुवर्षे मेंदूज्वर समजले गेले. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, ही पोरे खेळता खेळता कसोद्याच्या शेंगा खात होती आणि यकृत, स्नायू व मेंदू यांवर एकदम आघात होऊन दगावत होती. २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास आदिवासी बालके दगावली. काही मृत्यू जपानी मेंदूज्वराने झाले, पण बऱ्याच मृत्यूंचा संबंध तज्ज्ञांच्या समितीने याच वनस्पतीच्या बियांशी लावला. तिथे टाकळ्याला चाकुंडा आणि कसोद्याला बडा चाकुंडा म्हणतात. नावात एका शब्दाचा फरक, आणि त्या फरकात लेकराचा जीव!

ठाणे, पालघर, रायगडकडे पावसाच्या तोंडावर शेवळ येते. आधी नुसता कोंब जमिनीतून वर येतो, पान नंतर. सुरणाच्या जातीची ही भाजी आहे. तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते तोंडाला, घशाला टोचतात. म्हणून जाणती बाई शेवळाच्या आतील पिवळा भाग काढून फेकते आणि बाकीचे काकड नावाच्या आंबट फळाबरोबर शिजवते. काकड नसेल तर चिंच घालते. बाजारात शेवळ विकणारी बाई काकडही शेजारीच घेऊन बसते, ती उगीच नाही. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकळून पाणी फेकून द्यायचे. कडूकंद तर त्याहून अवघड. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग वाहत्या ओढ्यात टोपलीत ठेवून कडवटपणा आणि विष दोन्ही धुऊन काढायचे. राख अल्कधर्मी असते, वाहते पाणी विरघळलेले विष घेऊन जाते, हे रसायनशास्त्र आज शाळेतल्या प्रयोगशाळेत शिकवतात. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिने ते ओढ्याच्या काठी केव्हाच सिद्ध केलेले होते.

कळलावीचे फूल दिसायला सुंदर, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष आहे. खाण्याचा कंद समजून कळलावी शिजवून खाल्ल्याने माणसे मेल्याच्या नोंदी श्रीलंकेतील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ओळख अशी की, तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते आणि त्या टोकाने ती आधाराला धरून वर चढते. म्हणजे कंद उकरण्याआधी वेल वाचावी लागते.

आणि अळंबी! वारुळावर उगवणारी अळंबी खावी, एवढे ज्ञान पुष्कळांना असते. पण चांदीचे नाणे किंवा लसूण टाकून पाहा, काळे पडले तर विषारी, ही जी युक्ती सांगितली जाते ती साफ खोटी आहे. आसामात एप्रिल २०२२ मध्ये विषारी अळंबी खाऊन अवघ्या काही दिवसांत १३ माणसे मेली. त्यांतील बहुतेक चहामळ्यांतील मजूर आणि त्यांची मुले होती. तिथे अळंबी कोणी हौसेने खात नाही. जे ओळखीचे नाही ते शिजवायचे नाही, एवढा एकच नियम खरा. मोबाईलवर फोटो काढून यंत्राला नाव विचारणाऱ्या तरुणांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ही जाण पुस्तकातून येत नाही. ती आईच्या मागे रानात फिरून येते. आमच्या मुली शिकल्या, शहरात गेल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर तण वेचावे असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु शिक्षण घेतले म्हणजे आईचे शास्त्र टाकून द्यायचे, हे समीकरण कोणी ठरवले? ज्ञान म्हणजे पोथीतले आणि पोथी म्हणजे विशिष्टांची, या समजुतीतूनच ना?

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. सालवती नावाच्या गणिकेच्या पोटी जन्मलेले आणि उकिरड्यावर फेकलेले हे पोर अभय राजकुमाराने वाढवले. पुढे तो तक्षशिलेस वैद्यक शिकायला गेला. सात वर्षांनंतर गुरूने त्याच्या हाती खुरपे दिले आणि सांगितले की, तक्षशिलेभोवती चारही बाजूंना एक योजन फिर आणि जे औषधी नाही असे काही सापडले तर घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असे काहीच त्याला दिसले नाही. गुरू म्हणाला, तुझे शिक्षण पुरे झाले. हा जीवक पुढे बिंबिसाराचा आणि तथागतांचा वैद्य झाला. पाठांतराने नव्हे तर रानात पायी फिरवून घेतलेली ही परीक्षा आम्हाला नेहमीच मोलाची वाटत आली आहे. निंदणाला गेलेल्या बाईच्या हातातही तेच खुरपे असते.

दुसरे उदाहरण केरळचे. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने 'होर्टुस मलाबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. त्या ग्रंथाला ज्यांच्या ज्ञानाचा मोठा आधार होता ते इट्टी अच्युदन हे वैद्य एळवा समाजाचे होते, म्हणजे त्या काळच्या केरळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचे. त्यांचे नाव आणि त्यांचे स्वतःचे निवेदन ग्रंथात छापलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका वसाहतवादी अधिकाऱ्याला जे सुचले, ते आमच्या आजच्या महोत्सवाच्या आयोजकांना का सुचू नये?

आता कायद्याकडे वळू, कारण आमचा व्यवसायच तो आहे.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. जंगलात सापडणारी पाने, फुले, फळे, गवत, वेली, इतकेच काय शेवाळसुद्धा वनोपज! आणि मोहाचे फूल तर जंगलात सापडो की न सापडो, ते वनोपजच. राखीव जंगलातून वनोपज नेणे कलम २६ खाली गुन्हा. म्हणजे पोरांसाठी टोपलीभर वास्ते किंवा काटवल आणणारी बाई इंग्रजाच्या कायद्याने गुन्हेगार ठरली, आणि स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ साठ वर्षे तिची स्थिती बदलली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती बदलली. या कायद्याच्या कलम २ मधील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपान यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळे आणि कंद स्पष्टपणे आहेत, आणि कलम ३(१)(ग) ने परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर मालकी, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातील जमीनही या कायद्याच्या 'वनजमीन' या व्याख्येत येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला, हे सर्वश्रुत आहे.

पण इथेच आमच्या माणसांची अडचण सुरू होते. अनुसूचित जमातीबाहेरील जी कुटुंबे जंगलाच्या आधाराने जगतात, त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथले वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० सालापर्यंत मागे जा! जंगलपट्टीतल्या बौद्ध कुटुंबाकडे १९३० चा कागद कोठून यायचा? ज्याला शाळेत बसू दिले नाही त्याचा शाळेचा दाखला मागायचा, ज्याला जमीन धरू दिली नाही त्याचा सातबारा मागायचा, आणि नाही दिला तर दावा फेटाळायचा, असा हा उफराटा न्याय आहे. आमच्याकडे येणाऱ्या फेटाळलेल्या दाव्यांत 'पुरावा अपुरा' हे दोन शब्द इतक्या वेळा वाचले आहेत की, आता कागद उघडण्याआधीच ते दिसतात.

कायदा मात्र इतका निर्दयी नाही. ७५ वर्षे एकच जमीन कसल्याचा पुरावा कायदा मागत नाही. तो वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन मागतो. नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचे लेखी जबाब हा पुरावा म्हणून मान्य आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर उपविभागीय वा जिल्हा समितीला अमुकच एक कागद पाहिजे असा हट्ट धरता येत नाही. कोतवाल बुकातील आजोबाच्या जन्म-मृत्यूची नोंद, जुने गॅझेटियर, जनगणना, विदर्भात निस्तार पत्रक, हे सारे चालते. आणि कोणती भाजी, कोणता कंद, कोणत्या महिन्यात, कोणत्या टेकडीवरून आणतो, याचा वृद्ध बाईने दिलेला जबाब हा जंगलावरच्या अवलंबनाचा उत्तम पुरावा नाही तर काय आहे? तो कोणी लिहून घेत नाही, कारण दावे भरताना बायांना बोलावलेच जात नाही.

हक्क कागदावर मिळाला तरी जंगलात पाय ठेवताना जीव मुठीत धरावा लागतो, हेही खरे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. महोत्सवाच्या फलकावर ही किंमत लिहिलेली नसते.

जंगल नसलेल्या मुलखात रानभाजी गायरानात आणि बांधावर उगवते. गायरानाचा प्रश्न नाजूक आहे, कारण आमच्याच भूमिहीन बांधवांनी गायराने कसून पोट भरले आहे आणि त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून तुरुंग भोगले आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद मानला. गायरान हटवण्याची नोटीस आली की आमच्या वस्तीला आधी येते, आणि अपवादाचे वाक्य नोटिशीत कधी नसते. राहिलेल्या गायरानात जी बाई पाला खुडायला जाते तिला कोणी जातीवरून अडवले, तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३(१)(झेड-ए) खाली गुन्हा आहे. गावातील सामाईक संसाधने इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडथळा करणे, अशी त्याची शब्दयोजना आहे. फिर्याद देताना हे कलम नावानिशी सांगावे. ठाण्यात ते आपण होऊन लावले गेल्याचे आमच्या पाहण्यात तरी नाही.

बांधावरची भाजी मात्र वेगळ्याच संकटात आहे. सोयाबीन-कपाशीत आता निंदणाऐवजी तणनाशक मारले जाते. त्याने बाईची मजुरी गेली आणि भाजीही गेली. ग्लायफोसेट मारलेले तण लगेच वाळत नाही, चार-आठ दिवस ते हिरवेच दिसते. त्या दिवसांत बांधावरची लुसलुशीत घोळ कोणी खुडली तर तिला कळणार कसे? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली होती. गावात पाठीवर पंप लावून फिरणारा मजूर कोणता परवानाधारक असतो, हे आम्ही वाचकांना सांगायची गरज नाही. तेव्हा विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावरचे काही खुडू नये, आणि मालकाला आधी हे विचारावे की फवारा कधी मारला.

राहता राहिली नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाखांच्या भरपाईची तंबी दिली, तेव्हा धावपळीत वह्या भरल्या गेल्या. आम्ही पाहिलेल्या काही वह्यांत एका गावची यादी दुसऱ्या गावात जशीच्या तशी उतरवलेली होती. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात सरपंचाचे नाव होते, ज्याने आयुष्यात कधी कडूकंद धुतला नसेल.

आपल्या गावची ही वही ग्रामपंचायतीत मागून पाहता येते. ग्रामसभेत ठराव मांडून तिच्यात दुरुस्ती करून घ्यावी. भाजीचे स्थानिक नाव, कोणता भाग खायचा, कोणता फेकायचा, कोणत्या दिसण्यात फसवणूक होते, आणि हे सांगणाऱ्या बाईचे संपूर्ण नाव त्यात लिहून घ्यावे. त्या ठरावाची आणि नोंदीची प्रमाणित प्रत सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडावी. विदर्भातील बांधवांनी निस्तार पत्रकाची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढून ठेवावी आणि अर्जावर गावाबरोबर जुन्या मौजाचे नावही लिहावे, नाहीतर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत येतो.